चाळीच्या पोटातली बातमी

एप्रिल-मे महिन्यांत नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातल्या कांद्याच्या चाळी भरतात. दहिवड, मेशी, वाजगाव, खर्डे, लोहोणेर, कोणत्याही गावात जा, शेताच्या कडेला बांबूच्या पट्ट्यांची लांबट चाळ उभी दिसते. पात कापलेला, सावलीत सुकवलेला उन्हाळ कांदा तिच्यात साधारण चार फूट रुंद आणि पाच फूट उंच भरला जातो. त्यानंतर चार-सहा महिने त्या ढिगाच्या आत काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त कडेचा थर. त्याला वारा भरपूर लागतो, म्हणून तो सर्वांत शेवटी बिघडतो. शेतकरी रोज ज्या कांद्याकडे बघतो, तोच आतल्या कांद्याविषयी सर्वांत कमी सांगतो. मग श्रावणात कधीतरी उग्र वास येतो, तळातून पाणी ठिबकू लागते, आणि तेव्हा कळते की मधला भाग हातचा गेला.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. बंद जागेत चाललेली गोष्ट बाहेरून मोजता येणाऱ्या खुणांवरून ओळखायची आणि मोठा बिघाड होण्याआधी इशारा द्यायचा, हे काम सर्व्हर सांभाळणारी मंडळी रात्रंदिवस करतात. सर्व्हर मात्र आपली नोंद आपणच लिहून ठेवतो. कांद्याची नोंद आपल्याला तयार करावी लागते, आणि ती तयार करण्यात या कामाचा सगळा कस आहे. म्हणूनच मला वाटते की कांद्याच्या साठवणीचे चांगले सॉफ्टवेअर लिहिण्याची सर्वांत मोठी संधी चाळीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलामुलींना आहे. बंगळुरूच्या कार्यालयात अल्गोरिदम कितीही चांगला असला, तरी तिथे चाळ नाही.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नावर कंपनी उभी राहिलेली आहे. लासलगावच्या संगणक अभियंता कल्याणी शिंदे यांनी 'गोदाम इनोव्हेशन्स' सुरू केली. साठवलेल्या कांद्याजवळचे तापमान, आर्द्रता आणि वायू मोजायचे आणि सड सुरू होताच सूचना द्यायची, ही त्यांच्या उपकरणामागची कल्पना. टीसीएसने नाशिकमध्ये चालवलेल्या 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' या केंद्रात त्यांच्या कामाला आकार आला. त्या केंद्राचे मूळ २०१५ च्या सिंहस्थात आहे. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधले संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधण्याची 'कुंभथॉन' ही चळवळ तेव्हा उभी राहिली. नाशिकच्या निलय कुलकर्णीने शाळकरी वयात त्यातच 'आशिओटो' हे पाऊले मोजणारे साधन बनवले. वाटेत अंथरलेल्या चटईवर पाय पडला की मोजणी होते आणि गर्दी कुठे तुंबते आहे ते कळते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसे गेलेल्या शहराला त्या मोजणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. समोर दिसणारा प्रश्न घ्यायचा, स्वस्त साधन बनवायचे आणि ते तिथेच वापरून बघायचे, ही सवय नाशिकला तेव्हापासून लागली. कांद्याचे काम त्याच सवयीतून आले आहे.

आता चाळीत शिरू. साठवणीतले नुकसान हंगामाप्रमाणे बदलते. पाव हिश्शापासून ४० टक्क्यांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. ते तीन वाटांनी होते. पहिली वाट वजनाच्या घटीची. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो आणि हलका होत जातो. दुसरी वाट कोंबाची. तिसरी सडीची, आणि शेजारच्या कांद्याला लागते ती हीच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथे गॅमा किरणांची अगदी हलकी मात्रा दिली की कांद्याला कोंब येत नाही. पण तेवढ्या मात्रेने सडीचे जिवाणू आणि बुरशी मरत नाहीत, आणि घटही थांबत नाही. तीन रोगांपैकी एकावरचा तो इलाज आहे. कांद्याचे कोणतेही नवे तंत्र पुढे आले की ते या तिघांपैकी कशावर काम करते, हे मी आधी विचारतो.

तापमानाचे गणित ऐकणाऱ्याला उलटे वाटते. कांदा टिकतो एकतर शून्य ते दोन अंशांच्या शीतगृहात, नाहीतर २५ ते ३० अंशांच्या उबेत. मधले १० ते २० अंशांचे हवामान त्याला कोंब फुटायला सर्वांत सोयीचे. चाळ ही उबेची पद्धत आहे. तिच्यात आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवी. हवा त्याहून बरीच कोरडी झाली की वजन घटते, दमट झाली की काजळी, म्हणजे काळी बुरशी, चढते आणि सड सुरू होते. म्हणजे प्रोग्रॅमला एक मर्यादा सांभाळून भागत नाही, दोन मर्यादांमधला पट्टा सांभाळावा लागतो.

इथे नव्या प्रोग्रॅमरची पहिली ठेच ठरलेली आहे. आर्द्रतेचा सेन्सर जी टक्केवारी दाखवतो ती हवेतल्या पाण्याचे प्रमाण सांगत नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे पाणी धरू शकते, त्याच्या किती टक्के पाणी तिच्यात आहे, एवढेच ती सांगते. जुलैमधली एक रात्र घेऊ. पाऊस पडून गेलाय, बाहेर २२ अंश तापमान आणि आर्द्रता ९० टक्के. चाळीत कांद्याच्या उबेमुळे २९ अंश आणि ७५ टक्के. पंखा लावावा का? टक्केवारी पाहून कुणीही नको म्हणेल, कारण बाहेरची हवा जास्त दमट दिसते. आता पाणी मोजू. २२ अंशांची हवा घनमीटरला सुमारे १९.४ ग्रॅम पाणी धरू शकते, त्याचे ९० टक्के म्हणजे १७.५ ग्रॅम. २९ अंशांची हवा २८.७ ग्रॅम धरते, त्याचे ७५ टक्के म्हणजे २१.५ ग्रॅम. बाहेरच्या हवेतच पाणी कमी आहे! ती आत येऊन तापली की तिची आर्द्रता ६१ टक्क्यांच्या आसपास येईल. पंखा लावायची याहून चांगली वेळ नाही, आणि टक्केवारीवर बेतलेला प्रोग्रॅम नेमका तेव्हा तो बंद ठेवील.

याच्या उलट सकाळचे बघा. रात्रभर वारा लागून कांदा २३ अंशांपर्यंत थंड झाला आहे. दहा वाजता बाहेरची हवा २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची. या हवेचा दवबिंदू २४.२ अंश येतो. कांद्याचे अंग त्याहून थंड, म्हणजे ती हवा आत गेली की कांद्यावर दव धरणार, आणि सालीवर पाणी धरले की काजळीचे फावले. तेव्हा नियम असा बसतो: बाहेरच्या हवेत पाणी कमी असेल आणि तिचा दवबिंदू कांद्याच्या तापमानापेक्षा खाली असेल, तरच पंखा चालू. चार ओळींच्या या प्रोग्रॅमला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. आज कृषी-तंत्रज्ञानाच्या बहुतेक सादरीकरणांत 'एआय' हा शब्द पहिल्याच पानावर येतो. देवळ्यातल्या चाळीला मात्र आधी दवबिंदू कळणारा पंखा द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

वायूचा सेन्सर हे अधिक अवघड प्रकरण. अखंड कांद्याला फारसा वास नसतो. पेशी फुटली की तिच्यातली गंधकयुक्त द्रव्ये आणि वितंचके (एन्झाइम) एकत्र येतात आणि वास तयार होतो. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या वायूमागे एक स्वतंत्र वितंचक आहे, हे जपानच्या हाऊस फूड्स कंपनीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. सुरी जे क्षणात करते ते सडीचे जिवाणू सावकाश करतात. पेशी फुटतात, रस झिरपतो, बाष्पनशील द्रव्ये हवेत मिसळतात. यातल्या एका जिवाणूची, 'बर्खोल्डेरिया सेपासिया'ची, ओळख वॉल्टर बर्खोल्डर यांनी १९५० मध्ये सडक्या कांद्यावरूनच पटवली. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अनेक वायू-सेन्सर एकत्र लावून तीच सड लवकर ओळखता येते का, हे प्रयोगशाळेत तपासले आहे. तत्त्व पक्के आहे. अडचण प्रयोगशाळेच्या दाराबाहेर सुरू होते.

बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या 'एमक्यू' मालिकेच्या सेन्सरांमध्ये टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. वायू त्याला लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये ही युक्ती शोधली ती घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी. हा सेन्सर कोणता वायू आहे ते सांगत नाही. हवेतल्या दमटपणानेही त्याचा आकडा हलतो, आणि काही महिन्यांत त्याचा मूळ पायाच सरकतो. पावसाळ्यात नुसती हवा बदलली तरी तो सडल्यासारखा आकडा दाखवू शकतो. यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय शेजाऱ्याशी तुलना करण्याचा आहे. एकाच चाळीत पंचवीस ठिकाणी सेन्सर असतील तर पाऊस पंचवीसही जणांना सारखाच लागतो. सगळ्यांचा मध्यक काढायचा आणि कोणता सेन्सर दिवसागणिक त्या मध्यकापासून लांब जातो आहे ते बघायचे. एकट्या सेन्सरचा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याची शेजाऱ्यांपासूनची फारकत बोलते.

पंचवीस हा आकडा उगाच घेतलेला नाही. चार बाय पाच फुटांच्या थरात मीटरभर लांबीला साधारण टनभर कांदा मावतो. पंचवीस टनांच्या चाळीत मीटरला एक म्हटले तरी पंचवीस सेन्सर लागतात, तेही कडेला अडकवून उपयोग नाही, मध्यभागी खुपसलेले हवेत. मग किमतीचा आणि विजेचा प्रश्न पुढे येतो. ईएसपी-३२ सारखी चिप झोपेत असताना दहा मायक्रोअँपियरच्या आसपास वीज खाते. तिच्यावर बॅटरी महिनोन्‌महिने पुरेल. पण टिन ऑक्साइड तापवायला दीडशे मिलिअँपियर लागतात. तीन हजार मिलिअँपियर-तासांची बॅटरी त्यावर दिवसभरही टिकत नाही. शेतातल्या विजेच्या पाळ्या सर्वांना ठाऊक आहेत, आणि पावसाळ्यात सौर पट्टीवर ढग असतात. सेन्सर दिवसातून थोडाच वेळ तापवावा, तर स्थिर आकडा द्यायला त्यालाही वेळ लागतो. बॉशच्या 'बीएमई-६८८' सारखे नवे छोटे सेन्सर वीज फार कमी घेतात आणि गंधकाच्या वायूंनाही दाद देतात, पण त्यांची किंमत कैक पट आहे. हे गणित मांडल्याशिवाय 'स्मार्ट चाळ' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आकडे चाळीतून घरापर्यंत आणणे त्यामानाने सोपे झाले आहे. 'लोरा' हे रेडिओ तंत्र ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या फ्रेंच कंपनीत जन्मले; २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली. मोजकी अक्षरे, अगदी कमी विजेत, मोकळ्या शिवारात काही किलोमीटर जातात. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. पुढे इंटरनेटवर निरोप पोचवणारा 'एमक्यूटीटी' हा संकेत तर १९९९ मध्ये दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहातून नजर ठेवण्यासाठी लिहिला गेला. जोडणी तुटणार हे गृहीत धरूनच तो रचला आहे, त्यामुळे डोंगराआड रेंज जाणाऱ्या गावांना तो चांगला मानवतो.

आता इशाऱ्याकडे येऊ. समजा आपली यंत्रणा नव्वद टक्के अचूक आहे: सड असेल तर दहापैकी नऊ वेळा ओळखते, नसेल तर दहापैकी एकदाच चुकते. पंचवीस जागांपैकी एका ठिकाणी खरोखर सड आहे. उरलेल्या चोवीस चांगल्या जागांपैकी दोन-तीन ठिकाणी खोटा इशारा येईल, आणि खरा एक. म्हणजे मोबाईलवर वाजलेल्या तीन-चार इशाऱ्यांत एकच खरा. नव्वद टक्के अचूकतेची जाहिरात वाचून उपकरण घेतलेल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते. त्यात खोट्या इशाऱ्याची किंमत मोठी. चाळ फोडायची म्हणजे मजूर लावायचे, निवड करायची, खाद (खराब कांदा) आणि गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढायची, आणि हाताळलेला कांदा त्या आठवड्यातल्या भावाने उमराण्याला किंवा देवळ्याला लिलावात न्यायचा. तो परत चाळीत भरला तर हाताळणीत लागलेला मार सडीला नवी वाट देतो. दोनदा उगाच चाळ फोडावी लागली की तिसरा इशारा खरा असला तरी कोणी उठणार नाही. म्हणून एका मोजणीवर ओरडणारी यंत्रणा नको. सलग तीन-चार दिवस एकाच बाजूला सरकणारा आकडा हवा, आणि निरोपात जागा हवी: उत्तरेकडून सहावा मीटर, तळाजवळ. तेवढी एक जागा उकरून बघणे शेतकऱ्याला परवडते. तो निरोप इथल्या अहिराणी बोलीत बोलून दाखवला तर घरातल्या म्हातारीलाही उपयोगी पडेल.

या सगळ्याहून कठीण गोष्ट माझ्या मते पुढची आहे. यंत्राला शिकवायचे तर खरे उत्तर कुठेतरी लिहिलेले हवे. चाळ फोडताना कोणत्या मीटरला किती किलो चांगला, किती सडका, किती काजळीचा, किती कोंबाचा कांदा निघाला, हे कोण लिहितो? वजनकाटा, वही आणि दिवसभर उभा राहणारा माणूस यांशिवाय ही नोंद होत नाही. आणि एक चाळ वर्षातून एकदाच भरते. सर्व्हरवाल्यांना एका दिवसात लाखो नोंदी मिळतात. चाळवाल्याला हंगामाला एक. शंभर चाळींची नोंद गोळा करायची तर शंभर शेतकऱ्यांशी असे नाते हवे की चाळ फोडायच्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन करावा. हे नाते पैशाने विकत मिळत नाही.

शिवाय चाळीत सडणारा कांदा पुष्कळदा शेतातूनच सड घेऊन आलेला असतो. काढणीआधी पाणी कधी तोडले? राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयासारख्या संस्था दहा-पंधरा दिवस आधी तोडायला सांगतात. युरिया उशिरापर्यंत दिला का? काढणीवर अवकाळी पाऊस पडला का? मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापली की अगदी बोडकी केली? बियाणे एन-२-४-१ चे, भीमा शक्तीचे, की घरचे? या पाच उत्तरांत कदाचित पंचवीस सेन्सरांपेक्षा जास्त भाकीत दडलेले आहे, आणि त्यांना वीज लागत नाही. कांद्याचे ॲप काढणाऱ्याने पहिला पडदा शेताचा ठेवावा, चाळीचा नंतर.

सगळे जमले तरी विकायचे कधी, हा निर्णय उरतोच, आणि तिथे सेन्सरचे हात तोकडे पडतात. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव कोसळले तेव्हा देवळा तालुक्यातल्या माळवाडीच्या गावकऱ्यांनी गावच विकायला काढल्याची बातमी राज्यभर गेली. त्या दिवसांत बाजारात येणारा लाल आणि रांगडा कांदा चाळीत टिकणारा नसतो. उत्तम सेन्सरही त्याला थांबवू शकला नसता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली, आणि शुल्क पूर्ण हटायला एप्रिल २०२५ उजाडला. चाळीचे सॉफ्टवेअर भावाचे भाकीत करते असे कुणी सांगू लागला, तर ही तारखांची मालिका त्याच्यापुढे ठेवावी. 'आणखी तीन आठवडे तुमचा कांदा थांबू शकतो' एवढे त्याने खात्रीने सांगितले तरी ते मोठे काम आहे. तीन आठवड्यांची सवड हातात असलेला माणूस लिलावात वेगळ्या बळाने उभा राहतो.

नेमकी हीच माहिती जपावी लागेल. कोणाची चाळ सडायला लागली आहे, म्हणजे कोणाला या आठवड्यात मिळेल त्या भावाने विकावेच लागणार आहे, ही बातमी व्यापाराच्या दृष्टीने फार मोलाची. ती कंपनीच्या सर्व्हरवर साठली, तिथून कुणी ती विकत घेतली, तर शेतकऱ्याच्या मदतीसाठी बसवलेले यंत्र त्याच्याच विरुद्ध बोलेल. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. त्या पैशातून चाळींसाठी काही बांधले जाणार असेल, तर रचनेची एक अट मी आधी घालीन. सडीचा हिशोब चाळीतल्या चिपवरच व्हावा. मध्यक काढण्याएवढी ताकद तिच्यात सहज आहे. इशारा थेट मालकाच्या फोनवर जावा. संशोधनासाठी जे बाहेर जाईल ते हंगाम संपल्यावर, चाळ रिकामी झाल्यावर, आणि मालकाचे नाव व गट नंबर काढून. तोपर्यंत सहाव्या मीटरला काय चालले आहे, हे ज्याचा कांदा आहे त्यालाच कळावे.